एमआरआय नॉर्मल आला म्हणून पॅनिक खोटा ठरत नाही

तुमचा प्रश्न असा की पॅनिक डिसऑर्डरमध्ये (अचानक तीव्र भीतीचे झटके पुन्हा पुन्हा येण्याचा आजार) मेंदूची रचना वेगळी असते असं वाचलं, मग माझा एमआरआय नॉर्मल कसा? आणि शेवटी हळूच लिहिलंय, "म्हणजे हे सगळे मनाचे खेळ का?" नाही. रिपोर्टही बरोबर आहे आणि तुम्ही वाचलेलंही.

रेडिओलॉजिस्ट गाठ, रक्तस्राव, सूज असलं काही आहे का ते बघतो. संशोधक वेगळंच मोजतात. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने अलीकडे हजारो स्कॅन एकत्र करून पाहिले. पॅनिकच्या रुग्णांमध्ये काही भागांतली मेंदूची बाहेरची साल सरासरीने किंचित पातळ निघाली, मेंदूच्या आतला थॅलॅमस नावाचा भाग जरा लहान. यातला 'सरासरीने' आणि 'किंचित' हे शब्द बातमीत गळून पडतात. ती साल मुळातच दोन ते चार मिलिमीटर जाड. रुग्णांचे आणि इतरांचे स्कॅन मिसळून ठेवले तर नुसतं बघून कुणालाही वेगळे काढता येणार नाहीत. शिवाय फरक आधीचा, की वर्षानुवर्षांच्या पॅनिकमुळे पडलेला, हे एकदाच काढलेल्या स्कॅनवरून कळत नाही.

अमिग्डला या मेंदूतल्या छोट्या भागाला सगळे 'भीतीचं बटण' म्हणतात, तेही अर्धंच खरं. एस. एम. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका बाईंचा अमिग्डला दुर्मिळ आजाराने दोन्ही बाजूंना निकामी झालेला. साप हातात घेतील, कोळ्याला भिणार नाहीत. पण २०१३ च्या एका प्रयोगात ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगवली, तर त्यांना चक्क पॅनिक अटॅक आला! म्हणजे गुदमरण्याची घंटा अमिग्डलाशिवायही वाजते.

माझाही एमआरआय झालाय. आत सरकवल्यावर मदतीला बोलवायला हातात दिलेला रबरी फुगा दोनदा दाबला, दोन्ही वेळा बाहेर काढावं लागलं. एवढं करून रिपोर्टमध्ये काय, तर 'विशेष काही आढळले नाही'. फरक पडला तो सीबीटीने, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराने. थेरपिस्टसमोर खुर्चीत गरगर फिरायचं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा, मुद्दाम धडधड आणायची आणि ती आपोआप ओसरेपर्यंत बसून राहायचं. पहिल्या दिवशी मी अर्ध्यात उठले होते.

दुसरा एमआरआय करू नका. थायरॉइड आणि ईसीजी झाले नसतील तर मात्र डॉक्टरांना जरूर विचारा, धडधड त्यातूनही होते.