किल्ली सरळ पडू देऊ नकोस

तुझे पत्र मी तीनदा वाचले, आणि सोबत पाठवलेली नव्वद पाने एकदा सलग व एकदा हातात पेन्सिल घेऊन वाचली. सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून तू पूर्णवेळ लेखनाला बसलीस, साठवलेले पैसे आता संपत आले आहेत, आणि कादंबरी नेमकी अशा जागी अडली आहे की मंगळावरच्या मुलीला पृथ्वीवरच्या आजारी आईशी मनातले बोलायचे आहे, पण तिचे एकेक वाक्य पोहोचायला १४ मिनिटे लागतात. क्षणात निरोप पोहोचवणारे एखादे यंत्र तिसऱ्या प्रकरणात घातले तर चालेल का, असे तू विचारतेस. नाही, चालणार नाही. घातलेला नियम वाकवायचा नाही. अडले तर कथानक बदलायचे. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, आणि कंटाळा आला तरी तू ते वाचावेस अशी माझी इच्छा आहे.

मंगळ जवळ असताना संदेशाला सुमारे ३ मिनिटे लागतात आणि दूर असताना सुमारे २२; साधारण २६ महिन्यांनी सूर्य मध्ये येतो आणि दोनेक आठवडे संपर्कच थांबतो. हे सगळे पहिल्या प्रकरणात तूच नीट मांडले आहेस. मग त्याचे पुढे काय झाले? जिथे उत्तराला २८ मिनिटे लागतात तिथे दहा वर्षे राहिलेली माणसे एकमेकांना प्रश्न विचारतील का? त्यांच्या बोलण्यातून ‘हो ना?’ हे दोन शब्द गळून गेले असतील. आई ज्या प्रश्नाचे उत्तर देत असेल तो प्रश्न मुलीच्या लेखी अर्ध्या तासापूर्वीच संपलेला असेल. दोघींची वाक्ये वाटेत एकमेकींना ओलांडून जात असतील. आणि कृपा करून त्या २८ मिनिटांत आईला मारू नकोस. ते कोणालाही सुचते. ती जिवंत असताना दोघींना बोलता येत नाही, यातच तुझी कादंबरी आहे, आणि तू तीच काढून टाकायला निघाली आहेस.

मी रागावलो आहे असे वाटेल. राग आहे, पण तो तुझ्यावर नाही. माझ्या दुसऱ्या कादंबरीत अवकाशातले एक फिरते वसतिस्थान होते. त्याची त्रिज्या २२४ मीटर होती आणि मिनिटाला दोन फेऱ्या होत्या, म्हणजे जमिनीवर उभ्या माणसाला पृथ्वीइतकेच वजन जाणवावे. अशा ठिकाणी एक मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू सरळ पायाशी पडत नाही. फिरण्याच्या उलट दिशेला सुमारे ६ सेंटीमीटर मागे पडते. हे गणित मी तीन रात्री बसून केले होते, आणि त्यातूनच मला दृष्टी गेलेली एक वृद्ध कारागीर स्त्री सापडली, जी अनोळखी जागी आली की कमरेची किल्ली खाली सोडते, ती कुठे पडली ते हाताने चाचपते आणि वसतिस्थान कोणत्या बाजूला फिरते आहे ते ओळखते. अकरा प्रकरणे ती तसे करत होती. बाराव्यात मला ती किल्ली तिच्या हाताच्या बरोबर खाली असलेल्या फटीत पडायला हवी होती, आणि मी ती सरळ पाडली.

मला ते लिहितानाच खटकले होते. हस्तलिखित द्यायची तारीख चार दिवसांवर आली होती आणि मानधनाचा दुसरा हप्ता त्या तारखेला बांधलेला होता. पुस्तक निघाल्यावर एका वाचकाने पत्रातून एवढेच विचारले की अकरा प्रकरणे किल्ली मागे पडत होती, मग शेवटी सरळ कशी पडली. त्यानंतर कित्येक महिन्यांनी, अंथरुणावर पडलो असताना, उत्तर सुचले. तिने हात सहा सेंटीमीटर पुढे धरायचा होता. सगळ्या कादंबरीत ते जर कोणाला माहीत होते तर तिलाच माहीत होते! माझा शेवट माझ्याच नियमात तयार पडला होता आणि मी घाईने त्याच्यावरून पाय टाकून गेलो. दुसरी आवृत्ती निघाली नाही, त्यामुळे ती किल्ली आजही चुकीच्या जागी पडते आहे.

तेव्हापासून मी प्रत्येक पुस्तकासाठी एक नियमवही ठेवतो. त्या जगाचा एकेक नियम, तो कोणत्या पानावर आला आणि तिथे कोणाला त्याची किंमत मोजावी लागली, हे शाईने लिहितो. शाईने अशासाठी की खोडले तर दिसावे. सकाळी चार तास लेखन होते, आणि त्यातला पहिला अर्धा तास कालचे शेवटचे पान या वहीशी ताडून पाहण्यात जातो. दुपारी वाचन, आकडेमोड, करारांचा पत्रव्यवहार. पूर्णवेळ लेखकाचा दिवस बाहेरून पाहणाऱ्याला इतकाच दिसतो. नियम मात्र रात्री झोपेतही वाकवायचा नाही.

पैशांबद्दल लिहिणे मला आवडत नाही, पण टाळता येत नाही. मानधन हप्त्यांनी येते, स्वामित्वधन सहसा सहामाहीने येते, आणि दोन्हींना उशीर होतो. तेव्हा महिन्याचा हिशेब धरून पूर्णवेळ लिहिता येत नाही. अर्धवेळ नोकरी धरावी लागली तर धर, त्यात कमीपणा नाही. अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलर भांडी धुण्यापासून मिळेल ते काम करत होत्या आणि पहाटे दोनला उठून लिहीत होत्या. १९९५ साली मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या विज्ञानकथाकार. पैशांची तंगी नोकरीने भागव, कादंबरीकडून ती भागवून घेऊ नकोस. ते यंत्र तुला सुचले ते मुलीसाठी सुचले नाही, ते घरभाड्यासाठी सुचले आहे, आणि हे तुलाही कळते.

मी स्वतः पुढे एकदा वाकलो नाही. चौथ्या कादंबरीतले संपर्क तुटलेले दोन आठवडे संपादकांना कंटाळवाणे वाटत होते आणि ते काढा असा आग्रह होता. मी काढले नाहीत, करार मोडला, आणि पुढची दोन वर्षे घरात फार ओढगस्तीची गेली. घरच्यांनी त्याला हट्ट म्हटले, अजूनही म्हणतात. त्या दोन वर्षांचा भार त्यांनी उचलला, मी नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही ती पाने ठेवली हे योग्यच केले. ज्या पुस्तकात माणसे दोन आठवडे एकमेकांवाचून राहतात तिथे वाचकानेही तेवढे थांबायला हवे, याबाबत माझे मत बदललेले नाही आणि बदलणार नाही.

आता तिसऱ्या प्रकरणाकडे वळ. मुलीचा निरोप आईच्या खोलीत पोहोचेपर्यंतची १४ मिनिटे आणि उत्तर परत येईपर्यंतची १४ मिनिटे, एवढाच भाग नव्याने लिही. यंत्र नको, स्वप्न नको, आठवणीही कमीत कमी असू देत. ती खोलीत काय करते, हातात काय धरते, कितव्या मिनिटाला बसते, एवढे मला दिसू दे. पंधरा पाने झाली तरी चालतील. झाली की पाठव, आणि सोबत तुझी नियमवहीही पाठव. मी आधी ती वाचणार आहे.