ब्रेक मारताना डावा हात कुठे जातो?

"विकू की ठेवू?" हा प्रश्न घेऊन दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी माझ्यासमोर, म्हणजे समुपदेशकासमोर, येऊन बसतं. कधी विषय आजोबांच्या वाड्याचा असतो, कधी अंगणात गंजत चाललेल्या येझदीचा, कधी वर्षानुवर्षं तोट्यात चाललेल्या दुकानाचा. घरच्यांचं म्हणणं सगळीकडे सारखंच: आता तरी शहाण्यासारखं वाग. आणि समोर बसलेल्याचं म्हणणंही सारखंच: यांना काय कळणार! मग दोन्हीकडून आकडे निघतात. किंमत, खर्च, व्याज, अपघात. आकड्यांवरून भांडणं सोपं असतं, कारण त्यात स्वतःबद्दल काही बोलावं लागत नाही.

त्यातलाच हा एक अनुभव. नावं, वयं, नोकऱ्या बदलल्या आहेत. गाडी मात्र बदलता आली नाही, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. आणि तशा गाड्या रस्त्यावर इतक्या कमी उरल्यात की मालकाला विचारल्याशिवाय लिहिणं बरं दिसलं नसतं. "लिहा, फक्त रंग सांगू नका," एवढीच त्याची अट.

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. १९९८च्या सुमारास गोव्यात बनू लागलेली, दोन सीटची, टप उघडता येणारी. फायबरग्लासची बॉडी, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन, साठच्या आसपास हॉर्सपॉवर. आज सोसायटीत उभी असलेली एखादी साधी हॅचबॅकसुद्धा कागदावर तिच्यापेक्षा ताकदवान निघेल. हे मी बोलून दाखवलं तेव्हा तिच्या मालकाने, मंदारने, माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मंदार चाळिशीचा, चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात. श्वेता बँकेत. मुलगी ओवी, पाच वर्षांची. पहिल्या भेटीला दोघं आली ती आपापला दारूगोळा घेऊन. श्वेताच्या फोनमध्ये अपघातांचे व्हिडिओ, मंदारच्या हातात दुरुस्तीच्या पावत्यांची फाइल. श्वेताला स्टॉर्म विकून नवी गाडी घ्यायची होती, मंदारला ती ठेवायची होती. सोसायटीत पार्किंग एकच, त्यामुळे 'दोन्ही ठेवा' हा पळवाटेचा सल्ला द्यायलाही जागा नव्हती.

श्वेताचं म्हणणं सरळ होतं. "त्या गाडीत ना एअरबॅग, ना एबीएस. आणि मागची सीटच नाही! लहान मुलांना मागे बसवायचं असतं, तर ओवीला बसवायचं कुठे? डिकीत?"

"पंचवीस वर्षं झाली त्या गाडीला. कधी काही झालंय?"

"झालं असतं तर इथे आलो नसतो."

निमित्त घडलं होतं जुलैमधलं. पाऊस, संध्याकाळ, नवले पुलाचा उतार. पुढच्या ट्रकने एकदम ब्रेक मारला, मंदारनेही मारला, गाडी थोडी सरकून थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण ओवीने घरी आल्या आल्या आईला सांगितलं, "बाबाने मला असं पकडलं." त्या रात्री श्वेता झोपली नाही.

ओवीचं ते वाक्य मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून घेतलं होतं. पुढच्या तीन भेटी ते तिथेच पडून राहिलं, हे आज कबूल करायला हवं.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करणारी. त्या वाटेवर एक सवय लागते, ती म्हणजे वाक्यातल्या 'च'वर कान ठेवायचा. 'गाडी राहिली तर बरं' म्हणणारा माणूस आणि 'गाडी राहिलीच पाहिजे' म्हणणारा माणूस, दोघांचं दुःख वेगळं असतं. पहिला हळहळतो, दुसरा उद्ध्वस्त होतो. मराठीने हे एका अक्षरात बसवलंय. इतर भाषांतल्या समुपदेशकांना त्यासाठी अर्धा तास बोलावं लागत असेल. मी दोघांना आपापलं म्हणणं कागदावर लिहायला सांगितलं. मंदारच्या पाच ओळींत चार 'च' निघाले, श्वेताच्या तीन ओळींत तीन. मी खूश. मंदार हसून म्हणाला, "मॅडम, शाळेत असतं तर व्याकरणाला पैकीच्या पैकी मिळाले असते मला." श्वेताही हसली. आणि घरी जाऊन दोघं पुन्हा भांडली. आपलं लाडकं हत्यार दर वेळी चालतंच असं नाही. (बघा, माझाही 'च' सुटत नाही.)

मग मी मंदारला एकट्याला बोलावलं आणि गाडी सोडून बाकी सगळं विचारलं. इंजिनीअरिंग कोणी ठरवलं? वडिलांनी. लग्न? आईने पत्रिका जुळवून, "पण बरं झालं हां मॅडम, त्याबद्दल तक्रार नाही." फ्लॅट? सासऱ्यांनी जागा बघितली, पत्नीला पसंत पडली, त्याने सह्या केल्या.

"आणि गाडी?"

तो खुर्चीत सरळ झाला. "२००८ साल होतं. पणजीला मित्राकडे गेलो होतो. ती एका घरासमोर उभी होती, काचेवर चिठ्ठी. साठवलेले सगळे पैसे दिले आणि आंबोलीमार्गे चालवत घरी आणली. वाटेत घाटात टप उघडा टाकला, धुक्याने सीट भिजली. फोन बंद ठेवला होता. घरी पोचेपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं." जरा थांबून म्हणाला, "आयुष्यात कोणाला न विचारता केलेली तेवढी एकच गोष्ट आहे हो."

म्हणजे प्रश्न गाडीचा नव्हताच. पार्किंगमध्ये कव्हरखाली उभा होता तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, फोन बंद ठेवणारा मंदार. गाडी विकणं म्हणजे त्याला भंगारात देणं. आणि नवी गाडी? मी विचारलं, "ती कोण निवडतंय?"

"मेहुण्याने यादी केलीय. बुकिंगचे पैसे सासरे देणार आहेत. रंग पांढरा ठरलाय, रीसेलला बरा पडतो म्हणून."

मला वाटलं, आता कडी निघाली. पण खरं काम अजून राहिलं होतं. कारण एवढंच सांगून त्याला घरी पाठवलं असतं, तर त्याने 'माझं स्वातंत्र्य' म्हणून ओवीला त्याच गाडीत शाळेत सोडणं चालू ठेवलं असतं. असं होताना मी पाहिलंय. माणसाला स्वतःच्या हट्टामागचं कारण सापडलं की हट्टाला भरजरी शेला मिळतो.

पुढच्या भेटीला मी वही चाळून बसले होते. म्हटलं, "नवले पुलावरचा तो ब्रेक मला सावकाश सांगा. अगदी हाता-पायांसकट."

"उजवा पाय ब्रेकवर. डावा क्लचवर. उजवा हात स्टिअरिंगवर."

"डावा हात?"

"डावा..." त्याने तो उचलला, आणि तो आपसूक बाजूला गेला. आडवा, तळवा उघडा, शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर. माझ्या खोलीत दोन खुर्च्या शेजारीशेजारी असतात, त्याचा असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. तो हाताकडे बघत राहिला.

"हे नेहमी होतं?"

"ओवी असली की. सिग्नललासुद्धा. म्हणजे... दर वेळी."

"दुसऱ्या कोणाची गाडी चालवताना, ओवी मागे असली तर?"

"नाही."

मी गप्प राहिले. या धंद्यात वीस वर्षांत एवढं तरी शिकलेय. त्याने माझ्या टेबलावरचा पेन घेतला आणि चहाच्या बिलाच्या मागे काहीतरी मांडायला लागला. क्वालिटीवाला माणूस. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. गाडी कशावर आदळून एक दशांश सेकंदात थांबली असं धरू. ओवीचं वजन १८ किलो. त्याने खाली रेघ मारली आणि बिल माझ्याकडे सरकवलं.

"दोनशे किलो. हाताला पेलावं लागेल ते. मॅडम, मी गॅसचा सिलिंडर दोन हातांनी उचलतो."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "म्हणजे मला माहीत होतं."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी हे काम करते. श्वेता सहा महिने हेच सांगत होती. तिच्या तोंडून आलं की तो हुकूम वाटायचा, वडिलांच्या, सासऱ्यांच्या, मेहुण्याच्या रांगेतला आणखी एक. हाताने सांगितलं ते त्याचं स्वतःचं होतं. माणूस सुरक्षिततेला क्वचितच विरोध करतो. तो विरोध करतो ते दुसऱ्याने आपल्यासाठी ठरवण्याला.

त्यामुळे श्वेताला मी एकच काम दिलं: एक महिना गाडीचं नाव काढायचं नाही, व्हिडिओ पाठवायचे नाहीत, मेहुण्याची यादीसुद्धा काढून टाकायची. तिला ते जड गेलं. घरच्यांना माझं नेहमी सांगणं असतं की भीती दाखवून माणूस वस्तू सोडत नाही, उलट ती छातीशी धरतो. तुमची भीती तुमची म्हणून सांगा. 'गाडी धोक्याची आहे' म्हणण्यापेक्षा 'तू उशीर केलास की मी गॅलरीत उभी असते' हे जास्त आत जातं. श्वेताने ते सांगितलं, पण शेवटच्या भेटीत.

त्या महिन्यात मंदारने जे केलं ते मला सुचलं नसतं. त्याने आधी मुलांची कारसीट विकत घेतली. मग एका शनिवारी ती काखेत मारून एकटाच शोरूम फिरला. प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटमध्ये हात घालून आयसोफिक्सचे, म्हणजे कारसीट गाडीला पक्की अडकवायचे, हूक शोधायचे, सीट अडकवायची, खट्ट आवाज येतो का बघायचा, हलवून पाहायची. एका ठिकाणी सेल्समन सनरूफ दाखवत होता आणि हा गुडघ्यांवर बसून मागे हूक चाचपत होता. भारत एनसीएपी ही गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणारी चाचणी २०२३मध्ये सुरू झाल्यापासून आपल्याकडेही गाड्यांना तारे मिळतात, त्यात मोठ्यांचे वेगळे आणि मुलांचे वेगळे असतात. त्याने मुलांचे आधी पाहिले. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची सीट हवी हे २०१९च्या दुरुस्तीपासून कायद्यातही आहे, पण कायद्यासाठी तो गुडघ्यांवर बसला नव्हता. बुकिंगचे पैसे त्याने स्वतः भरले. रंगही कोणाला विचारला नाही. "इतका घाणेरडा पिवळा आहे," श्वेता मला हळूच म्हणाली, "पण मी गप्प बसले."

स्टॉर्म विकली नाही. मुळशीकडे एका मित्राच्या शेडमध्ये आहे, बॅटरीची वायर काढून, कव्हर घालून. वीस वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण आता चांगलंच महाग झालंय, आणि पन्नास वर्षं होईपर्यंत कायदा तिला 'व्हिंटेज' म्हणणार नाही. ते पैसे त्याने आपल्या चैनीच्या खात्यात धरलेत. महिन्यातून एखाद्या रविवारी पहाटे तो एकटा घेऊन निघतो. पावसात नाही, हायवेला नाही, ओवीला घेऊन तर नाहीच. हा 'च' मी ठेवू दिला.

इथे कोणी विचारेल, त्याचा स्वतःचा जीव जीव नाही का? आहे. श्वेतानेही विचारलं. सज्ञान माणूस डोळे उघडे ठेवून स्वतःपुरता थोडा धोका पत्करतो, मग तो ट्रेकचा असो की जुन्या गाडीचा, तेव्हा मी त्याच्या आड येत नाही. पाच वर्षांचं मूल तो धोका पत्करत नसतं, त्याच्यावर तो लादलेला असतो. एवढी रेघ मी ओढते. श्वेताला ती पूर्ण पटलेली नाही. रविवारी पहाटे ती अजूनही गॅलरीत असते, आणि आता मंदारला ते माहीत आहे.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला, फराळाचं निमित्त काढून. नव्या गाडीत सगळं ठीक आहे म्हणाला, ओवी मागे तिच्या सीटवर राणीसारखी बसते.

"आणि डावा हात?"

"जातो की अजून," तो म्हणाला. "शेजारी माझा जेवणाचा डबा असतो. तो वाचतो."