‘मिशन इम्पॉसिबल’चा आठवा भाग: तुलना नेमकी कशाशी करायची?

देवगडहून आलेला प्रश्न असा: ‘मिशन इम्पॉसिबल’चा आठवा भाग पाहिला, विमानाचा स्टंट जबरदस्त वाटला, तरी बाहेर पडताना काहीतरी हुकल्यासारखं वाटलं. हा भाग खरोखर उणा आहे की आपल्याच अपेक्षा वाढल्या आहेत, हे ठरवायचं कसं? (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथेच थांबा, पुढे कथा फुटणार आहे.)

तुम्हाला वाटलं ते बरोबर आहे, आणि ते दाखवून देता येतं. फक्त स्टंट किती उंचावरचा, हे माप आधी बाजूला ठेवा. या मालिकेत बघायचं ते एवढंच: योजना आणि तिचे नियम प्रेक्षकाला आधी कळतात का, त्यातला कुठला नियम मोडतो, आणि मोडल्याची किंमत पुढच्या प्रसंगात दिसते का.

दशावतार बघत मोठं झालेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागू नये. आख्यान सगळ्यांना ठाऊक असतं, राक्षस मरणार हेही ठाऊक असतं. तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात, कारण युद्धाआधी राजपार्टी (राजाचं सोंग घेणारा नट) आणि राक्षस एकमेकांना शब्दाला शब्द भिडवतात आणि त्यावरून युद्धाचं वजन ठरतं. या मालिकेचा गुप्तहेर नायक ईथन हंट वाचणार हेही आपल्याला तिकीट काढतानाच माहीत असतं.

आता १९९६ चा पहिला भाग घ्या. दिग्दर्शक ब्रायन डी पाल्मा. लँग्लीत, सीआयएच्या मुख्यालयातल्या एका खोलीतून गुप्तहेरांची यादी चोरायची आहे. ईथन साथीदारांना खोलीचे नियम आधीच सांगतो: आवाज झाला तर धोक्याची घंटा, तापमान वाढलं तर घंटा, जमिनीवर जरासं वजन पडलं तर घंटा. मग प्रत्येक नियमावर एकेक संकट येतं. छतातल्या पोकळीत उंदीर येतो, दोर धरणाऱ्याचा हात सुटतो आणि ईथन जमिनीच्या अगदी वर येऊन लोंबकळतो. चष्म्यावरून घामाचा थेंब ओघळतो, तो त्याला हातमोज्यात झेलावा लागतो. सगळं संपलं असं वाटतं तेव्हा वरून सुरा पडतो. गोळीबार नाही, पाठलाग नाही, पार्श्वसंगीतही नाही. तरी श्वास रोखला जातो, कारण काय झालं तर काय होईल हे आपल्याला त्याच्याइतकंच माहीत असतं.

२०११ च्या चौथ्या भागात दुबईतल्या बुर्ज खलिफा इमारतीवर चढण्याचा प्रसंग लक्षात राहतो तो उंचीमुळे, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. काचेला चिकटणाऱ्या हातमोज्याचा निळा दिवा म्हणजे चिकटतो, लाल म्हणजे गेला, हा नियम आधी सांगितला आहे आणि एक हातमोजा अर्ध्या वाटेत बंद पडतो. शिवाय मुखवटे बनवणारं यंत्रही ऐनवेळी बिघडतं, त्यामुळे पुढचा सौदा स्वतःच्याच चेहऱ्याने करावा लागतो. पाचव्या भागात (२०१५) ईथन पाण्याखाली श्वास कोंडून जवळजवळ मरतो, आणि लगेच पुढच्या प्रसंगात गाडीच्या बॉनेटवरून घसरत जाऊ बघतो तर तोल जाऊन पडतो. शरीराला आधीचा मार आठवतो आहे. सहाव्यात (२०१८) तो मोहिमेऐवजी साथीदार ल्यूथरचा जीव वाचवतो, प्लुटोनियम हातचं जातं, आणि अख्खा सिनेमा त्या एका निर्णयाचा हिशेब चुकता करत राहतो. म्हणून माझ्या लेखी सहावा सगळ्यांत वर. जॉन वूचा दुसरा भाग (२०००) या तुलनेत आणू नका. त्यात मुखवटे इतके निघतात की कुठल्याच चेहऱ्याला किंमत उरत नाही.

हेच माप आठव्याला लावा. पाणबुडीचा प्रसंग पूर्ण उतरतो. बुडालेली पाणबुडी कड्यावरून कलंडते, आतलं पाणी सरकतं, टॉर्पेडो गडगडतात, संवाद जवळपास नाहीत. मालवण-तारकर्लीला पाठीला हवेची टाकी लावून पाण्यात उतरलेल्यांना यातली भीती जास्त नेमकी कळेल. दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, आणि खोलवरून झपाट्याने वर आलं तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सिनेमा हे विसरत नाही, वर बर्फावर दाब हळूहळू उतरवणारी बंद कोठडी तयार ठेवलेली आहे. टॉर्पेडोच्या नळीतून निसटण्यासाठी ईथनला पाण्यात उतरण्याचा पोशाख काढून टाकावा लागतो. तशा अवस्थेत इतक्या थंड पाण्यातून जिवंत वर येणं ही सिनेमाने घेतलेली सूट आहे. पण नियम आधी सांगून घेतलेली सूट आहे, म्हणून ती खटकत नाही.

विमानाचा प्रसंग इथेच कमी पडतो. डोळ्यांना तो पाणबुडीपेक्षा मोठा आहे, आणि माणूस खरोखरच पंखावर आहे हे कळतं. पण त्या हवेतल्या झटापटीचे नियम आधी कोणी सांगितलेले नाहीत, म्हणून ईथन निसटतो तेव्हा तो कुठल्या अडचणीतून सुटला हे नीट कळत नाही. त्यात मध्येमध्ये दृश्य तोडून बॉम्ब, साथीदार बेंजीची जखम आणि दुसरी साथीदार ग्रेस हिचं काम यांकडे वळलं जातं, त्यामुळे विमानातला ताण सलग चढत नाही. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे खलनायक. गॅब्रियलचं ईथनच्या भूतकाळाशी असलेलं नातं सातव्यात उघडलं आणि आठव्यात तसंच सोडून दिलं. राक्षसाला युद्धाआधी बोलूच दिलं नाही, तर तो पडल्यावर टाळी कशी येणार?

जुन्या भागांशी जोडलेले धागे वेगवेगळे तपासा, सगळे एका मापाचे नाहीत. लँग्लीच्या त्या खोलीत काम करणारा सीआयएचा कर्मचारी विल्यम डनलो परत येतो तो उत्तम. १९९६ मध्ये त्याच्या खोलीतून चोरी झाली म्हणून त्याला अलास्कात पाठवायचा हुकूम सुटला होता. आठव्यात तो तिकडेच भेटतो, आणि वरून पडलेला तो सुराही त्याने जपून ठेवला आहे. ईथनच्या करामतीची किंमत कुणीतरी वर्षानुवर्षं भरत होतं, हे इतक्या उशिरा कळतं आणि लागतं. उलट तिसऱ्या भागातला (२००६) ‘रॅबिट्स फूट’. ती वस्तू नेमकी काय हे न सांगण्यातच तिची गंमत होती. आठव्याने ते सांगितलं आणि तिसऱ्या भागाचंही थोडं नुकसान केलं.

लांबीचंही बघा. पहिला भाग ११० मिनिटांचा, आठवा १७० च्या आसपास. हा वाढीव तास मुख्यतः सुरुवातीच्या उजळणीत आणि जुन्या भागांच्या तुकड्यांत गेला आहे. पण न्यायाने बघायचं तर सातवा (२०२३) आणि आठवा ही एकच दोन भागांत सांगितलेली गोष्ट आहे. ईथनची साथीदार इल्सा हिचा मृत्यू सातव्यात झाला, त्याचं दुःख आठव्यात किती उरलं, हे तपासायला दोन्ही लागोपाठ बघावे लागतात.

आठही भाग एका दमात परत बघू नका, शेवटी सगळे स्टंट सारखेच वाटू लागतात. पहिला, सहावा आणि मग सातवा-आठवा जोडीने, एवढं पुरे. प्रत्येक मोठ्या प्रसंगाला कागदावर तीन ओळी लिहा: नियम कुणी सांगितला, कुठला मोडला, पुढच्या प्रसंगात काय उरलं. मधली ओळ कोरी राहिली तर तो नुसता स्टंट आहे. आणि लँग्लीचा प्रसंग भर पावसात पत्र्याखाली बसून मोबाईलच्या स्पीकरवर बघू नका. त्यातली शांतताच ऐकू येणार नाही, आणि पहिला भाग विनाकारण संथ ठरेल. कानाला हेडफोन लावा, नाहीतर पाऊस ओसरेपर्यंत थांबा.

माझा क्रम: सहावा, पहिला, पाचवा, चौथा, मग सातवा-आठवा एकत्र. सुटे प्रसंग मोजायचे तर मात्र पाणबुडी लँग्लीच्या शेजारी ठेवावी लागेल.