डाव्या हाताचा एक्झाक्टा

प्रश्न : घरातल्या जुन्या सामानात ‘एक्झाक्टा व्हेरेक्स’ हा जर्मन कॅमेरा सापडला. फोटोचं बटण आणि फिल्म पुढे सरकवायचा खटका, दोन्ही डावीकडे. व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख. तो बिघडलाय का? आणि बनवला कोणी?

उत्तर : काळोख म्हणजे बिघाड नव्हे. या कॅमेऱ्यात लेन्समधलं दृश्य एक आरसा व्ह्यूफाइंडरमध्ये पाठवतो; फोटो काढला की तो आरसा वरच थांबतो आणि पुढची फ्रेम ओढल्यावर खाली येतो. पण खटका ओढायची घाई नको. आरसा वर आहे तोवर लेन्स काढा, मागचं झाकण उघडा आणि समोरून टॉर्च मारा. फिल्मवर प्रकाश सोडणाऱ्या शटरला दोन पडदे असतात, रबर चढवलेल्या कापडाचे. जुने झाले की त्यांना टाचणीएवढी भोकं पडतात; समोर असलेल्या पडद्याची अशी लगेच दिसतात. दुसऱ्या पडद्याची परीक्षा मात्र पहिल्या रोलवरच होईल. मग खटका शेवटपर्यंत ओढा. फेरा लांब आहे, मध्येच सोडू नका. अडला तर जोर लावू नका; तिथेच थांबून जाणकार कारागिराकडे द्या.

डावखुरेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. उजवा हात फोकससाठी मोकळा राहतो. शिवाय बटण पुढच्या बाजूला असल्यामुळे काही लेन्सना बाहेरून एक दांडी असते, ती नेमकी या बटणावर बसते. ती दाबली की आधी अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, लहान होतं, लगोलग शटर सुटतं. इतकी साधी आणि डोळ्यांना दिसणारी युक्ती मला आजही फार आवडते.

बनवणारी कंपनी ड्रेस्डेनची ‘इहागे’. योहान स्टेनबर्गेन या डच माणसाने ती 1912 मध्ये काढली. कार्ल न्यूश्टरलाइन या तिथल्या अभियंत्याने घडवलेला ‘किने एक्झाक्टा’ 1936 मध्ये आला; 35 मिलिमीटर फिल्मच्या सिंगल लेन्स रिफ्लेक्सचा, म्हणजे लेन्समधलंच दृश्य आरशातून दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा, तो आरंभ. फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बवर्षावात कारखाना उद्ध्वस्त झाला, आणि न्यूश्टरलाइन युद्धातून परतलाच नाही. तरीही कामगारांनी ड्रेस्डेनमध्येच उत्पादन पुन्हा उभं केलं. मालक परदेशी असल्याने पूर्व जर्मनीत कंपनी सरळ सरकारी झाली नाही, विश्वस्तांच्या ताब्यात राहिली. पुढे स्टेनबर्गेनने पश्चिम जर्मनीत वेगळी इहागे काढली आणि नावावरून कोर्टकचेरी झाली.

तुमचा व्हेरेक्स हा 1950 पासूनचा वंश, व्ह्यूफाइंडर काढून बदलता येणारा. त्यात फिल्म कापायची सुरीही आहे. तळाची छोटी फिरकी सोडवून खाली ओढली की ती रोल मध्येच कापते. आत फिल्म असेल तर त्या फिरकीला हात लावू नका.