कोल्हापुरात राहून ऑरगॅनोमेटॅलिक कॅटॅलिसिसमध्ये (धातू-कार्बन संयुगं वापरून रिअॅक्शन घडवण्याच्या रसायनशास्त्रात) पीएच.डी. करून प्राध्यापक होता येतं का, की पुणे-मुंबईच गाठावी?

येतं. "कोल्हापुरात ग्लोव्हबॉक्स कुठाय?" हे मी आयुष्यभर ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी सगळी नोकरी इथल्याच एका कॉलेजात झाली. ग्लोव्हबॉक्स, म्हणजे हवा-ओलावा आत न येणारी, हातमोजे लावलेली बंद पेटी, नव्हताच. श्लेंक लाइन होती, म्हणजे हवा काढून आरगॉन वायू भरायची काचेच्या नळ्यांची मांडणी, तीही ग्लासब्लोअरला चित्र दाखवून करून घेतलेली. आरगॉन उद्यमनगरातून यायचा, टिग वेल्डिंगला लागतो तोच. सिलिंडरवाला विचारायचा, "सर, कॉलेजात कसलं वेल्डिंग चाललंय?" मी सांगायचो, कार्बनला कार्बन जोडतोय. खोटं नव्हतं ते.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या व्हायव्हाला मोठ्या संस्थेतले परीक्षक आले होते. प्रबंध सुझुकी कपलिंगवर, म्हणजे पॅलेडियम हा धातू कॅटॅलिस्ट म्हणून वापरून कार्बनला कार्बन जोडण्याच्या रिअॅक्शनवर. पहिलाच शेरा : "अशा लॅबमधल्या पॅलेडियमच्या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा?" पोरगी डगमगली नाही. तिनं ब्लँक, म्हणजे कॅटॅलिस्ट न घालता केलेले पडताळणीचे प्रयोग, पुढं ठेवले : कोरा फ्लास्क, कोरा स्टर बार, कॅटॅलिस्ट सोडून बाकी सगळं, प्रॉडक्ट शून्य. मग मर्क्युरी टेस्ट : पारा सुट्या धातूकणांना निकामी करतो. पारा घालूनही रिअॅक्शन चालूच, म्हणजे सुट्या धातूकणांचा खेळ नसावा. (एवढ्यानं पूर्ण सिद्ध होत नाही, हेही तिनंच सांगितलं.) साहेब गप्प.

खरं तर त्यांना माहीत असायला हवं होतं. २००३ मध्ये "धातूशिवाय सुझुकी कपलिंग" असा पेपर आला होता. २००५ मध्ये त्याच संशोधकांनी छापलं की सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात ५० भाग पॅलेडियम होतं आणि बहुधा तेच काम करत होतं. ती लॅब काही कोल्हापुरातली नव्हती.

विषय मात्र लॅब बघून घ्या. सुझुकीला लागणारं बोरॉनिक अॅसिड हवा-पाणी सोसतं, म्हणून सुझुकी इथं जमतं. लोसार्टनसारख्या बीपीच्या गोळीतला बायफिनाइल (एकमेकांना जोडलेली दोन बेंझिनची कडी) त्यानंच जोडता येतो. निकेल-सीओडी या निकेलच्या संयुगाच्या नादी लागू नका, हवेत टिकत नाही. आणि पानांच्या अर्कातून नॅनोपार्टिकल्स काढून त्याला कॅटॅलिसिस म्हणणारा गाइड असेल तर दुसरा शोधा. स्पष्टच सांगतो, त्यातले बरेच पेपर ब्लँक न घेताच छापले जातात.

नोकरीचं दुखणं वेगळं. नेट-सेट, पीएच.डी. सगळं असून पोरं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबानं मिळणाऱ्या मानधनावर, तास घेतायत. मुलाखतीत पुण्याच्या पीएच.डी.ला जास्त मान मिळतो, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे पोस्टडॉक बाहेर करा, जमलं तर परदेशात. ही रिअॅक्शन ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते जपानी रसायनशास्त्रज्ञ सुझुकीसुद्धा अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात बोरॉन रसायनाचे संशोधक एच. सी. ब्राउन यांच्याकडे गेलेच होते. पण १९७९ ची ती रिअॅक्शन आणि २०१० चं नोबेल आलं ते परत येऊन होक्काइडो विद्यापीठात केलेल्या कामातून, तोक्योतून नव्हे.