सुलाखणं म्हणजे भोक पाडणं

शाहूपुरीतल्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: एका विद्यार्थ्यानं निबंधात ‘गरिबीनं बाबांना तावून-सुलाखून काढलं’ असं लिहिलं. सहकाऱ्यानं लाल शाईनं ते ‘तावून-सलाखून’ केलं आणि गुणही कापला. बरोबर काय? आणि संकटांमुळं माणूस घडतो, त्याची किंमत वाढते, हाच याचा अर्थ ना?

बाई, पोराचं बरोबर आहे. ‘सलाखून’ मराठीत नाही. हिंदी सिनेमातल्या तुरुंगाच्या सलाखा डोक्यात बसल्या की असं होतं. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नानं जुनं दुखणं वर काढलं. निकाल लागले की कोल्हापुरात गुणवंतांचे सत्कार सुरू होतात आणि दर दुसरा वक्ता माईक धरून सांगतो, ‘परिस्थितीच्या आगीत तावून-सुलाखून या पोराचं सोनं झालं!’ अहो, सुलाखण्यात आग कुठली? आणि सुलाखून आजवर कशाचं सोनं झालंय?

तावणं सोपं आहे. तापाचा ताव, जसा दीपाचा दिवा. ते सोडा. सुलाखणं म्हणजे नाण्याला भोक पाडून पोटात काय आहे ते बघणं. कंपनी सरकारनं 1835 साली आपल्या मुलखात एकाच वजनाचा रुपया आणला: 180 ग्रेन, बारा भागांत अकरा भाग चांदी. त्याआधी चांदवडी, अंकुशी असे नाना टाकसाळींचे रुपये बाजारात फिरायचे आणि प्रत्येकाचा कस निराळा. सराफ आधी रुपया वाजवून बघायचा, मग कसोटीवर घासायचा. पण कसोटीच्या दगडाला वरची कातडीच कळते. वर चांदीचा मुलामा आणि आत तांबं असलं की दगडही फसतो. तापवला तर तांब्याची भेसळ काळी पडते. तरी शंका उरली तर टोचा घेऊन भोक पाडायचं. मग लपवणार कुठं? जुन्या रुपयांवर सराफांच्या अशा टोच्यांच्या खुणा आजही दिसतात.

आता व्युत्पत्ती. काही संस्कृताभिमानी मंडळी हा शब्द ‘शलाका’पासून आणतात, एकानं तर मला ‘सुलक्षण’ ऐकवलं होतं, त्याला मी उत्तरही दिलं नाही. शलाकेच्या बाजूनं एकच बोलता येतं: टोचायला सळई लागते. पण ती शलाका मराठीत रीतसर आलेली आहेच की, सळई होऊन! फलाचं फळ, कमलाचं कमळ, कालाचा काळ, तशी शलाकेची सळई. मग सुलाखण्यातला ‘ल’ तेवढा ‘ळ’ व्हायचा का चुकला? आणि ‘क’चा ‘ख’ कुणी केला? सरळ फारसी ‘सूराख’ घ्या. सूराख म्हणजे भोक. खबर, खर्च, तारीख यांतला ‘ख’ तिकडूनच आला. ‘र’चा ‘ल’ होतो म्हणून ज्यांच्या भुवया वर जातात, त्यांनी दीवारीची दिवाल कशी झाली ते सांगावं. सराफी पेढ्यांवर आणि कचेऱ्यांत फारसीचा सुकाळ होता. तिथल्या कामाला तिथलाच शब्द चिकटला. एवढं समोर असताना शलाकेलाच धरून बसणं हा भाषाशास्त्राचा नव्हे, सोवळ्याचा प्रश्न आहे.

माझा दुसरा पुरावा व्याकरणाचा. माणूस तावून-सुलाखून ‘निघतो’, ‘होतो’ नाही. कलिंगड लाल निघालं म्हणताना सुरीनं ते लाल केलं, असं कुणाच्या मनात येतं का? ‘निघणं’ हे आधीपासून आत असलेलं कळण्याचं क्रियापद आहे. परिस्थिती माणसाला किंमत देते हे या वाक्प्रचारात कुठंच नाही. किंमत आधीच होती, परिस्थितीनं ती चारचौघांत उघडी केली, इतकंच.

पैलवान खाशाबा जाधवांचं उदाहरण सत्कारात हमखास येतं. 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे, 1952 ला हेलसिंकीत कांस्य. जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, हे इथं पोरासोरांना ठाऊक आहे. पण ते पदक पैशाच्या ओढाताणीनं दिलं म्हणायचं? तालमीत जाऊन सांगा बघू. ‘अंग मेहनतीनं बनतं,’ असं तोंडावर ऐकाल. हाल वेगळे, मेहनत वेगळी. खाशाबा तावून-सुलाखून निघाले हे खरंच, पण त्यांना बनवलं ते मातीनं आणि मेहनतीनं.

आता माझी एक लाडकी कल्पना, कुणाला पटो न पटो. झिजलेलं किंवा परमुलखातलं नाणं मोडताना कापून घेतात तो बट्टा. सुलाखलेला रुपया अस्सल ठरला तरी भोकाएवढी चांदी गेली की हो! वजन घटलं की बट्टा आलाच. ‘नावाला बट्टा लागणं’ आपण बदनामीपुरतं वापरतो; मला तो सुलाखण्याचा सख्खा शेजारी वाटतो. गरिबीतून वर आलेली माणसं बघा. खरी निघालेली असतात, पण कुणाची शाळा सुटलेली असते, कुणाची पाठ कायमची गेलेली असते. व्यासपीठावरून टाळ्या वाजवणाऱ्यांना ते भोक दिसत नाही. आता गुजरीत, आमच्या सराफ बाजारात, दागिना यंत्राखाली धरला की टक्केवारी पडद्यावर येते, ना ताव, ना टोचा. माणसांसाठी असं काही निघालेलं नाही.

तर बाई, ‘सुलाखून’ तसंच राहू द्या आणि कापलेला गुण परत द्या. मात्र पोराला ‘घडवलं’ असं म्हणायचं असेल, तर त्या वाक्याचा कर्ता गरिबी नको. त्याच्या बाबांना कुणी घडवलं ते घरी विचारून यायला सांगा. एखादा चुलता असेल, नाहीतर तालमीतला वस्ताद.