उताऱ्यात लिहिलेलं आणि न लिहिलेलं

अरे, परीक्षेत उतारा वाचताना आधी ऑप्शन्स बघूच नकोस. प्रत्येक उत्तरासाठी एकच चेक: याला आधार देणारं वाक्य बोटाने दाखवता येतं का? येत असेल तर ते थेट सांगितलंय, नसेल तर दोन वाक्यं जोडून निघतंय का बघ.

मुंबई लोकलच्या मेगाब्लॉकची (दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद) सूचनाच घे ना. धीम्या गाड्या माटुंगा ते मुलुंड जलद मार्गावरून, थांबे शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड. यात विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर ही मधली स्टेशनं कुठेच नाहीत, पण तिथे उतरणाऱ्याला बरोब्बर कळतं की आज बोंब आहे. हा सूचित अर्थ, कारण आधार मजकुरातच आहे.

आता उलटं बघ, 'तुळशी तलाव भरून वाहू लागला' वाचलं की लोक लगेच म्हणतात चला पाणीकपात गेली, अरे पण मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांत तुळशी सगळ्यात लहान, सगळ्यात मोठा साठा भातसाचा, आणि बातमीत कपातीबद्दल अक्षरही नसतं, म्हणजे ते आपल्याच मनातलं (व्हॉट्सॲप ग्रुपवर तर हेच चालतं). परीक्षेत चुकीचे ऑप्शन असेच बनवतात, ऐकायला एकदम पटणारे.

आणि 'फक्त', 'सुमारे', 'शक्यता' हे शब्द पेन्सिलने गोल कर, बरेच मार्क तिथेच जातात.